घड्याळ उलटं फिरवा, भावंडं सापडतील!

हैदराबादच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांच्या दुकानात कधी बसला असाल तर हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. गिऱ्हाइकाच्या हातात एकच बांगडी, हिरवी, काठाला खड्यांच्या दोन ओळी. दुकानदार ती उलटसुलट बघतो, खड्यांवरून अंगठा फिरवतो आणि समोरच्या ढिगातून नेमकी दुसरी काढून पुढे ठेवतो. "येईच है इसका जोड."

आता कल्पना करा की ढिगात ३ लाख ७० हजार बांगड्या आहेत. सगळ्या करड्या, आणि एकही जागेवर नाही. प्रत्येक बांगडी सेकंदाला १८-२० किलोमीटर वेगानं सूर्याभोवती पळतेय. या ढिगातून जोड काढायची!

२००८ साली दोन शास्त्रज्ञांनी ती काढली. दोघंही मूळचे चेक आणि दोघांचंही नाव डेव्हिड. प्रागचे डेव्हिड वोक्रूहलित्स्की आणि अमेरिकेत कोलोरॅडोत काम करणारे डेव्हिड नेस्वोर्नी. त्यांनी तोवर माहीत असलेले मंगळ-गुरूमधले सगळे लघुग्रह संगणकात घातले आणि त्यातून ६० जोड्या बाहेर आल्या. एकाच दगडाचे दोन तुकडे, आज एकमेकांपासून कोट्यवधी किलोमीटर दूर. ते सापडले कसे, याच्या गोष्टी एकाहून एक आहेत. आणि त्यातली एक गोष्ट थेट हैदराबादच्या बेगमपेटला जाते.

गुण पाचच, पण जुळवणी कडक

लघुग्रहाच्या कक्षेची पत्रिका पाच आकड्यांत मावते. कक्षा केवढी मोठी, किती लांबट, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी किती कललेली, तो कल कुठल्या दिशेला, आणि सूर्याच्या सगळ्यात जवळ येण्याची जागा कुठल्या दिशेला. चौथ्या आकड्याला आपल्याकडे पात म्हणतात. चंद्राच्या कक्षेचे दोन पात म्हणजे राहू आणि केतू. प्रत्येक लघुग्रहालाही असे स्वतःचे राहू-केतू असतात!

या पाचांतले पहिले तीन आकडे लाखो वर्षांतही फारसे बदलत नाहीत. शेवटचे दोन मात्र गुरूच्या ओढीमुळे सतत सरकतात, आणि प्रत्येकाची सरकण्याची गती थोडी वेगळी असते. त्यामुळे दोन दगडांचे पहिले तीनच आकडे जुळत असतील, तर नातं असलंच तरी जुनं. पाचही जुळत असतील तर ताटातूट परवा-परवाची, आकाशाच्या हिशेबात. त्या ६० जोड्यांची जुळवणी इतकी कडक होती की दोन कक्षांमधला फरक वेगात मोजला तर सेकंदाला १० मीटरांच्या आत बसत होता. अशा जोड्या योगायोगानं किती जमतील, याचाही हिशेब दोघांनी केला. योगायोगानं इतक्या जमणं शक्य नव्हतं.

तीन आकड्यांवरून मोठी घराणी ओळखण्याचं श्रेय जपानच्या कियोत्सुगु हिरायामा यांचं. त्यांनी १९१८ साली कोरोनिस, इओस आणि थेमिस ही तीन घराणी दाखवून दिली आणि त्यांना 'कुटुंब' असंच नाव दिलं. तेही संगणक नसताना.

उण्याची करामत

न्यूटनच्या नियमांना काळ कुठल्या दिशेला वाहतो हे कळत नाही. चेंडू वर फेकल्याची चित्रफीत उलटी चालवली तरी गणित तेच राहतं. म्हणून भूतकाळात जायला वेगळी विद्या लागत नाही. लघुग्रह उद्या कुठे असेल हे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काळाच्या पावलाआधी उणे चिन्ह टाकायचं. की सूर्यमाला मागे चालू लागते! सगळे ग्रह सोबत, प्रत्येकाची ओढ धरून, काही दिवसांचं एक पाऊल, अशी लाखो-कोटी पावलं.

अडचण वेगळीच आहे. दगड आज नक्की कुठे आहे, हेच आपल्याला थोडं धूसर माहीत असतं. दुर्बिणीतून मोजताना केसाइतकी चूक राहते आणि मागे जाताना ती फुगत जाते. यावरची युक्ती मला फार आवडते. एका लघुग्रहाऐवजी त्याची हजारभर प्रतिरूपं संगणकात सोडायची. प्रत्येक प्रतिरूपाची कक्षा चुकीच्या मर्यादेत राहून कणभर वेगळी. दुसऱ्या दगडाचीही तशीच हजार. मग ही सगळी फौज मागे पळवायची आणि बघायचं: यातली कुठली जोडी कधी एकमेकांच्या काही शे किलोमीटर जवळ येते का, आणि येताना तिचा परस्पर वेग माणसाच्या चालीइतका मंद असतो का? दोन्ही गोष्टी एकदम घडल्या, तर ती ताटातुटीची तारीख. नुसतं जवळ येणं पुरत नाही. अनोळखी दगडही जवळून जातात, पण ते सेकंदाला काही किलोमीटर वेगानं सुसाट निघून जातात. वेगळी होणारी भावंडं मात्र रेंगाळत निघतात.

आपल्या दीक्षितांनीही आभाळ मागे नेलं होतं

आभाळ उलटं चालवून तारीख काढण्याचा हा नाद मराठी माणसाला नवा नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मुरूड. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असं शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे. आज त्या नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत, कारण पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक घेर घेतो आणि ताऱ्यांची उगवण्याची जागा बदलत राहते. दीक्षितांनी तो घेर गणितानं मागे फिरवला. कृत्तिका ठीक पूर्वेला येतात तो काळ निघाला इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली आला, मराठीत. त्या वाक्याचा अर्थ कसा लावायचा यावर विद्वानांचे वाद झाले, होत राहतील. पण पद्धत बघा: आजची जागा पक्की मोजायची, बदलाचा वेग ओळखायचा आणि मागे चालत जायचं. दोघा डेव्हिडांची रीत हीच आहे.

तीन द्राक्षांचा जोर

मागे जाताना आणखी एक गोष्ट धरावी लागते, ऊन. मे महिन्यात हैदराबादची गच्ची रात्री दहालाही तळपायाला चटका देते. दिवसभर प्यालेली उष्णता ती संध्याकाळनंतर सोडते. लघुग्रहाचंही तसंच. त्याची दुपारची बाजू फिरून संध्याकाळकडे जाते आणि तिथून उष्णता बाहेर फेकते. त्या फेकण्यानं दगडाला उलट दिशेनं इवलासा धक्का बसतो. स्वतःभोवती फिरण्याची दिशा सूर्याभोवतीच्या फेऱ्यासारखीच असेल तर दगड हळूहळू बाहेर सरकतो, उलटी असेल तर आत. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात.

तो धक्का केवढा? बेन्नू या अर्धा किलोमीटर रुंदीच्या लघुग्रहावर तो तीन द्राक्षांच्या वजनाइतका भरतो. हैदराबादच्या अनाब-ए-शाहीची तीन टपोरी द्राक्षं तळहातावर घ्या, तेवढाच भार. आणि त्या जोरानं बेन्नूची कक्षा वर्षाला सुमारे २८४ मीटर आकसते! गोलेव्का नावाच्या दुसऱ्या दगडावर रडारनं नजर ठेवली, तर १९९१ ते २००३ या १२ वर्षांत तो या धक्क्यानं १५ किलोमीटर सरकलेला निघाला.

इव्हान यार्कोव्हस्की रशियात काम करणारे अभियंता. त्यांनी १९०० च्या सुमारास हे एका छोट्या पुस्तिकेत मांडलं आणि जग ते विसरलं. एस्टोनियाचे खगोलशास्त्रज्ञ एर्न्स्ट ओपिक यांनी ती पुस्तिका तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, वाचली होती. चाळीसेक वर्षांनी त्यांनी ती कल्पना नुसत्या आठवणीवरून पुन्हा लोकांसमोर आणली. एका वाचकाच्या स्मरणशक्तीवर तगलेलं विज्ञान!

गिरकी घेता घेता तुटला

मुळात दगडाचे दोन तुकडे होतात कसे? टक्कर हे एक उत्तर. पण जोड्यांच्या बाबतीत खरा कारागीर पुन्हा ऊनच आहे. लघुग्रहाचा आकार ओबडधोबड असतो, त्यामुळे बाहेर पडणारी उष्णता त्याला पवनचक्कीसारखी फिरवते. लाखो वर्षांत गिरकी वाढत जाते.

रुमाली रोटी करणाऱ्याचे हात आठवा. गोळा दोन्ही मुठींवर फिरतो, हवेत जातो, कडा बाहेर पळतात, मधला भाग पातळ होतो. पीठ मळलेलं असतं म्हणून रोटी एकसंध राहते. बहुतेक लघुग्रह मात्र मळलेले नसतात. ते खडीचे ढीग असतात, फक्त स्वतःच्या नाजूक गुरुत्वानं धरलेले. असा ढीग सुमारे २ तास १२ मिनिटांत एक फेरी मारू लागला की विषुववृत्तावरची खडी सुटू लागते. म्हणून एखाद-दुसरा अपवाद सोडला तर काहीशे मीटरहून मोठा कुठलाच लघुग्रह यापेक्षा जलद फिरताना दिसत नाही. छोट्या चिवट दगडांना ही मर्यादा नाही: यॉर्प नावाचा एक चिमुकला अवघ्या १२ मिनिटांत गिरकी घेतो आणि दर वर्षी आणखी सुमारे एक मिलिसेकंद घाई करतो.

चेक खगोलशास्त्रज्ञ पेत्र प्रावेत्स आणि त्यांच्या साथीदारांनी २०१० साली ३५ जोड्या तपासल्या. त्यांना एक सुंदर नियम दिसला. धाकट्याचं वजन थोरल्याच्या जेमतेम पाचव्या भागापर्यंतच असतं, त्याहून जास्त नाही. आणि धाकटा जितका वजनदार, तितका थोरला संथ फिरतो. कारण सोपं आहे. धाकट्याला घराबाहेर पडायला जी ऊर्जा लागली, ती थोरल्याच्या गिरकीतून गेली. मोठ्या भावानं आपली कमाई देऊन धाकट्याला वाटेला लावलं, आणि हा खर्च आजही त्याच्या फिरण्यात मोजता येतो. या शोधानं मी खरोखर हरखून गेलो होतो.

धाकटे निघतात तेव्हा वेग किती? २०१३ साली पी/२०१३ आर३ हा लघुग्रह फुटताना हबल दुर्बिणीला प्रत्यक्ष दिसला. दहाएक तुकडे, एकमेकांपासून दूर जाण्याचा वेग ताशी सुमारे दीड किलोमीटर. सकाळी हुसेनसागरच्या काठानं फिरायला निघालेले आजोबा त्यांना सहज मागे टाकतील.

काही झटपट नोंदी

सगळ्यात प्रसिद्ध जोडी ऱ्हाइनलँड आणि कुर्पफाल्झ. ताटातूट सुमारे १६,३०० वर्षांपूर्वी, आणि तारखेतली चूक शंभर वर्षांच्याही आत. तेव्हा पृथ्वीवर हिमयुग ओसरत होतं, शेती सुरू व्हायला हजारो वर्षं होती. त्या काळातल्या गुहाचित्राचं वयही इतकं नेमकं सांगणं अवघड.

कारिन नावाच्या लघुग्रहाभोवतीचा गट मागे चालवला तर सगळ्या सदस्यांचे पात ५८ लाख वर्षांपूर्वी एकत्र येतात. २००२ सालचा हा हिशेब. एका फुटलेल्या लघुग्रहाची जन्मतारीख इतकी नेमकी पहिल्यांदाच लागली होती.

बालम हा लघुग्रह तर भरल्या घरचा. त्याला दोन चंद्र आहेत आणि वर एक दुरावलेला भाऊही.

बाजीरावाच्या काळात तुटलेला दगड

आता सगळ्यात ताजी ताटातूट. २०१९ पीआर२ आणि २०१९ क्यूआर६, एक सुमारे किलोमीटरभर, दुसरा त्याच्या निम्मा. ही भावंडं मंगळ-गुरूच्या पट्ट्यातली नाहीत, फिरता फिरता पृथ्वीच्या कक्षेजवळ येतात. २०१९ साली थोड्याच अंतरानं दोन्ही सापडली. पण नुकत्याच दिसलेल्या दगडाला मागे कसं नेणार? शास्त्रज्ञांनी जुनी दप्तरं उघडली. अमेरिकेतल्या कॅटलिना सर्वेक्षणाच्या २००५ सालच्या प्रतिमांमध्ये दोन्ही ठिपके हजर होते! तेव्हा त्यांना कुणी ओळखलं नव्हतं एवढंच. चौदा वर्षांचा पुरावा एका फटक्यात हाती आला.

तरी हिशेब जुळेना. नुसतं गुरुत्वाकर्षण धरलं, नाही. यार्कोव्हस्कीचा धक्का जोडला, तरी नाही. शेवटी या दगडांतून कधीकाळी धूमकेतूसारखी वाफ निघत असावी असं धरलं, तेव्हा दोघं एका जागी आले. काळ निघाला सुमारे ३०० वर्षांपूर्वीचा. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं.

तीनशे वर्षं म्हणजे आपल्या इतिहासातली कुठली पानं? १७२४ साली बुलढाण्याच्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कानं लढाई जिंकून हैदराबादची आसफजाही पक्की केली. १७२८ साली वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावानं त्याच निजामाला कोंडीत पकडलं. साधारण त्याच काळात, काही दशकं इकडेतिकडे, वर एक दगड दुभंगला.

बेगमपेटच्या काचा

आणि आता हैदराबाद. मागे जायचं तर आजची जागा पक्की हवी. पण आकाशात जागा मोजायची कशाच्या आधारानं? आजूबाजूच्या ताऱ्यांच्या. तारे हे गावाच्या हद्दीचे दगड, आणि हे दगडसुद्धा फार सावकाश सरकतात. म्हणून शंभर वर्षांपूर्वी ते नेमके कुठे होते हेही लागतं. ते लिहून ठेवणाऱ्या थोड्या शहरांत एक होतं हैदराबाद, भारतातलं एकमेव.

गोष्ट १९०१ ची. नवाब जफर जंग यांनी ग्रब कंपनीची १५ इंची दुर्बीण आणवली आणि फिसलबंड्याच्या आपल्या जागेत वेधशाळा थाटली. त्यांच्या पश्चात १९०८ साली ती निजाम सरकारकडे गेली, आणि कुठल्या खात्याकडे? अर्थखात्याकडे! पुढे ती बेगमपेटला आली आणि १९१९ साली उस्मानिया विद्यापीठाला जोडली गेली. आजही बेगमपेटच्या आर्थिक आणि सामाजिक अभ्यास केंद्राच्या पत्त्यात 'निजामिया ऑब्झर्व्हेटरी कॅम्पस' हे शब्द आहेत.

१८८७ साली पॅरिसमध्ये ठरलं होतं की जगभरच्या वेधशाळांनी आकाश पट्ट्यापट्ट्यांत वाटून घ्यायचं आणि प्रत्येक पट्ट्याचे फोटो काचेवर काढायचे. चिलीतल्या सांतियागोच्या वाट्याची, खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेची १७ ते २३ अंशांची पट्टी त्यांना झेपली नाही. ती हैदराबादला मिळाली. ही पट्टी बघा कुठली! वृश्चिक, धनू, मकर: सूर्य, ग्रह आणि बहुतेक लघुग्रह ज्या मार्गानं जातात त्याचा एक तुकडा याच पट्टीतून जातो, आणि आकाशगंगेचा एक दाट भागही. तारे कसे, तर सांडलेल्या खसखशीसारखे.

काचेवर ५ मिलिमीटरच्या चौकटींची बारीक जाळी उमटवलेली असे. काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला, अंशाचा साठावा भाग. माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. चौकटीत काळा ठिपका, डावीकडच्या रेषेपासून किती, खालच्या रेषेपासून किती, वहीत दोन आकडे. पुढचा ठिपका. रॉबर्ट पोकॉक यांच्या देखरेखीखाली १९१४ साली हे सुरू झालं, १९१८ नंतर टी. पी. भास्करन यांनी ते तडीस नेलं. उत्तरेची ३६ ते ३९ अंशांची पट्टीही नंतर हैदराबादनं अंगावर घेतली. १९१४ ते १९४६, बारा खंड, ७ लाख ६३ हजार ५४२ तारे. रविवार, ईद, दिवाळी सगळे दिवस धरले तरी रोजचे ६५ पडतात, बत्तीस वर्षं! दोन महायुद्धं येऊन गेली, ठिपके मोजणं चालू राहिलं.

त्या वह्या वाया गेल्या नाहीत. २००० साली २५ लाख ताऱ्यांची 'टायको-२' ही यादी तयार झाली. तिच्यात उपग्रहानं घेतलेल्या नव्या जागा आणि या जुन्या काचांवरच्या जागा शेजारी ठेवून प्रत्येक तारा किती सरकला हे काढलं. गाया उपग्रहाचे आकडे हाती येईपर्यंत लघुग्रह मोजणाऱ्यांना याच यादीचा मोठा आधार होता. म्हणजे २००८ च्या जोड्यांमागच्या मोजमापांत बेगमपेटच्या त्या सूक्ष्मदर्शकाचाही वाटा आहे. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

या वेधशाळेच्या आवारातच एक मुलगा वाढला. वडील तिथे नोकरीला. निजाम कॉलेजात शिकलेला हा मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. हार्वर्डला असताना १९४९ साली त्यांनी धूमकेतू शोधला, आणि २५९६ क्रमांकाचा लघुग्रह आज त्यांच्या नावानं फिरतो. शहरातल्या दिव्यांचा उजेड वाढला तशी उस्मानियानं १९६८ साली जपाल-रंगापूरला ४८ इंची दुर्बीण उभारली. कृष्ण दामोदर अभ्यंकर या आपल्या मराठी खगोलशास्त्रज्ञानं या विभागाची आणि वेधशाळेची धुरा बरीच वर्षं सांभाळली. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण याच रंगापूरच्या माळावरून बघायला परदेशातूनही शास्त्रज्ञ आले होते.

उलटा वाचायचा क्रमांक

हैदराबादशी नातं असलेला आणखी एक लघुग्रह आहे. त्याची गोष्ट निजामाच्या दरबाराकडे आलेल्या एका गाण्याच्या घराण्याची. पंडित मोतीराम १९३४ साली हैदराबादेतच गेले, तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा जसराज चार वर्षांचा होता. त्याचं लहानपण याच शहरात गेलं. पुढे तो मुंबईकर झाला, व्ही. शांतारामांचा जावई झाला, आणि १९७२ पासून वडिलांच्या स्मरणार्थ दर वर्षी हैदराबादेत गाण्याचा समारोह भरवू लागला. २०१९ साली मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या एका लघुग्रहाला 'पंडितजसराज' हे नाव मिळालं. २००६ साली सापडलेल्या या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८. दोन-दोन आकडे घेऊन तो शेवटाकडून वाचा: २८, ०१, ३०. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा.